गळीत हंगामातली गळती आणि व्हॅलग्रिन्ड

आधीच सांगते, हे परीक्षण ज्या वस्तूचं आहे ती फुकट मिळते, कुठल्या दुकानात मिळत नाही आणि तिला रंगरूप काही नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बास. व्हॅलग्रिन्ड तिचं नाव, प्रोग्राम कुठं मेमरी गळतोय ते शोधून देणारं अवजार. तरी लोक चपलांचं, मिसळीचं, मिक्सरचं परीक्षण लिहितात तसं हिचंही लिहायचं असं गेला हंगाम संपल्यापासून डोक्यात होतं. अर्धी थंडी माझी झोप उडाली होती, ती हिच्यामुळं परत मिळाली.

माझं कोल्हापुरात राजारामपुरीत दोन खोल्यांचं ऑफिस आहे. मी, एक शिकाऊ पोरगा आणि ऐन वेळी दगा देणारा इन्व्हर्टर, एवढाच पसारा. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. चार काटे आहेत. इंडिकेटरमधून सिरियल केबलनं वजन येतं, ते आम्ही सी भाषेत लिहिलेल्या छोट्याशा सर्व्हरकडं जातं, तो पोस्टग्रेसमध्ये काट्यावरच्या गाडीचं चालू टोकन शोधतो, भरल्या गाडीचं वजन लिहितो, मग रिकाम्या गाडीचं, वजाबाकी झाली की स्लिप. खाली लिनक्स, डेटाबेस पोस्टग्रेस, सगळं मुक्तस्रोत. आमचा सर्व्हरही आम्ही मुक्तस्रोतच ठेवलाय. कुणी विचारलंच की आत काय करता ओ, तर कोड समोर ठेवता यावा. काट्याच्या धंद्यात हे बरं असतं. का, ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. ‘काटामारी’ हा शब्द इथली पोरं बाराखडीच्या आधी शिकतात.

तर हा सर्व्हर दर चौथ्या-पाचव्या दिवशी मरायचा. बहुतेक वेळा पहाटे. काट्यावर रात्रपाळीला एक मामा असतात, त्यांचा फोन यायचा, “ताई, काटं परत झोपल्यात बघा. लाईन गेटाभाईर गेलीया.” मग मी अंथरुणातूनच लॅपटॉप उघडून सर्व्हर पुन्हा चालू करायची. तोवर मामा हातानं स्लिपा लिहायचे आणि मागं उभा असलेला शेतकरी म्हणायचा, “मशीन नेमकं आमच्याच गाडीला कसं बंद पडतंय?” त्या माणसाला उत्तर काय देणार? वर्षभराचा ऊस त्या ट्रॉलीत असतो.

लॉगमध्ये कारण स्पष्ट होतं. मशीन ४ जीबी रॅमचं. आमची प्रोसेस, म्हणजे चालू असलेला सर्व्हर, फुगत फुगत जायची, मेमरी संपली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जो सगळ्यात जास्त खातोय त्याला गाठून मारतो, आणि तो आम्हीच असायचो. म्हणजे मेमरी लीक, प्रोग्रामनं मागून घेतलेली मेमरी काम झाल्यावर परत न देणं. मराठीत सरळ गळती. गळीत हंगामात गळती, असा विनोद पोरग्यानं पहिल्याच आठवड्यात करून घेतला.

मग मी तेच केलं जे जगात सगळे करतात. रात्री तीन वाजता सर्व्हर आपोआप बंद होऊन परत चालू होईल असं क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणाऱ्या लिनक्सच्या यादीत, टाकलं. याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही, मोठमोठ्यांनी हीच सोय करून ठेवली आहे. अपाची वेब सर्व्हरमध्ये ‘मॅक्सकनेक्शन्सपरचाइल्ड’ नावाची सेटिंग आहे, इतकी कनेक्शन झाली की ती प्रोसेस संपवून नवी घ्यायची. चुकून होणाऱ्या गळतीला आवर बसावा म्हणून, असं त्यांच्या माहितीपत्रातच लिहिलंय. पीएचपी भाषेतल्या वेबसाइटी चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये ‘मॅक्स रिक्वेस्ट्स’ आहे, तेही दुसऱ्यांच्या लायब्ररीतल्या, म्हणजे आयत्या घेतलेल्या कोडमधल्या, गळतीवर तोडगा म्हणून. तीन वाजताची ती दोनेक मिनिटं मामांनी चहासाठी लावून घेतली. सगळं सुरळीत.

मग एका रात्री तीनच्या ठोक्याला काट्यावर गाडी उभी होती. वजन स्थिर झालेलं, स्लिप निघायच्या आत सर्व्हर उठून गेला. परत आला तेव्हा टोकन ‘वजन झाले’ आणि वजनाच्या जागी काहीच नाही. ड्रायव्हर गाडी मागं घ्यायला तयार नाही, मागचे त्याला पुढं जाऊ देईनात, मामा मधे. मला फोनवर नुसता गलका ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की आता मुळाशी जायचं.

आधी दोन दिवस नुसता कोड वाचला. आपणच लिहिलेला कोड वाचून गळती सापडत नसते. आपल्याला तिथं जे लिहायचं होतं तेच दिसतं, जे लिहिलंय ते दिसत नाही. मग मेमरी आणि गाड्यांची संख्या यांचा आलेख काढला. वाटलं, गाड्या वाढल्या की मेमरी वाढत असणार. निघालं उलटंच. संक्रांतीला टोळ्यांनी तोड बंद ठेवली, यार्डात शुकशुकाट, आणि त्या दिवशी मेमरी सगळ्यात जास्त वाढलेली. पोरगा म्हणाला आलेख चुकलाय. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघांनी आलेख दुरुस्त करण्यात अर्धा दिवस घालवला. आलेख बरोबर होता.

तेव्हा व्हॅलग्रिन्ड काढलं.

नावाबद्दल एक सांगून टाकते. मी कितीतरी वर्षं त्याला ‘व्हॅलग्राइंड’ म्हणत होते, मिक्सर-ग्राइंडरमधलं ग्राइंड. बनवणारे म्हणतात ‘ग्रिन्ड’, इकार ऱ्हस्व. नॉर्स पुराणकथांमध्ये वल्हाला नावाचा वीरांचा स्वर्ग आहे, त्याच्या मुख्य दरवाजाचं हे नाव. ज्युलियन सिवर्ड या माणसानं ते सुरू केलं, २००२ साली बाहेर आलं. फायली दाबून लहान करणारं बीझिप२ सुद्धा याच माणसाचं. २००६ मध्ये त्याला गूगल आणि ओरायली यांचा उत्तम अवजार बनवणारा म्हणून पुरस्कारही मिळाला. ‘अवजार’ हा शब्द मला आवडला. आपल्याकडं उद्यमनगरात चांगलं अवजार बनवणाऱ्याला जो मान असतो, तसला.

ते करतं काय, तर आपला प्रोग्राम थेट प्रोसेसरवर चालूच देत नाही. मधे स्वतः उभं राहतं, प्रोग्रामची एकेक सूचना उचलून तिचं भाषांतर करतं, त्यात आपली तपासणी मिसळतं आणि मग चालवतं. सी भाषेत मेमरी मागायची ती ‘मॅलॉक’नं आणि परत द्यायची ती ‘फ्री’नं. मॅलॉकनं मागितलेली प्रत्येक जागा ते वहीत टिपतं, फ्री केली की खोडतं. शेवटी प्रोग्रामची सगळी मेमरी चाळून बघतं की वहीत शिल्लक असलेल्या जागेचा पत्ता अजून कुणाकडं आहे का. पत्ता कुणाकडंच नाही म्हणजे ती जागा गेली. परत देताही येत नाही, वापरताही येत नाही.

एवढी तपासणी म्हटल्यावर वेगाचं काय होणार? गाडी गव्हाणीत टाकायच्या आधी मोळी सोडून एकेक ऊस हातात घेऊन बघणारा माणूस नेमला तर गाळप किती होईल, तितकंच. त्यांच्याच माहितीपत्रात लिहिलंय की प्रोग्राम २० ते ३० पट हळू चालेल आणि मेमरीही बरीच जास्त लागेल. मी ते वाचलं होतं. वाचूनही मी ते थेट कारखान्यावरच्या मशीनवर लावलं. रात्री अकराला, गाड्या कमी असतात म्हणून. इंडिकेटरकडून अर्ध्या सेकंदात उत्तर आलं नाही तर केबल तुटली समजायचं असं आमच्याच कोडमध्ये होतं. आता सगळंच संथ झाल्यावर चारही काटे ‘केबल तुटली’ म्हणून ओरडायला लागले. वीस मिनिटांत मामा. “ताई, काय करायलाईसा? लई हळू चाललंय.” गुपचूप बंद केलं. ही चूक अवजाराची नाही, माझी. पण वाचणाऱ्यांनो, चालू काट्यावर हे लावू नका.

मग ऑफिसातच खोटा काटा उभा केला. सोकॅट नावाची एक छोटी युक्ती आहे, ती लिनक्सवर दोन खोटे सिरियल पोर्ट एकमेकांना जोडून देते. एका टोकाला पोरग्याची स्क्रिप्ट, इंडिकेटरसारखं वजन पाठवत बसलेली, दुसऱ्या टोकाला आमचा सर्व्हर. टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, वाढवला. सर्व्हर डीबग माहितीसह (कोडमधल्या ओळींच्या खुणा सोबत ठेवून) पुन्हा कंपाइल केला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम परत बनवला. व्हॅलग्रिन्डला कंपाइल करावंच लागतं असं नाही, हा त्याचा मोठा गुण, आहे तो प्रोग्राम घेऊनही चालतं. पण डीबग माहिती असली तर अहवालात फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा मिळतो, नाहीतर नुसती फंक्शनांची नावं आणि पत्ते वाचत बसायचं.

पाच मिनिटं चालवलं आणि पोरग्यानं ‘किल डॅश नऊ’ मारलं. अहवाल कोरा. नऊ नंबरचा सिग्नल म्हणजे जागच्या जागी मुंडकं, व्हॅलग्रिन्डलाही बोलायला वेळ मिळत नाही. परत पाच मिनिटं, या वेळी नीट सांगून बंद केलं.

आता अहवालाकडं जरा जवळून बघूया, कारण सगळी मजा तिथंच आहे. मेमरीचे हिशेब तो वेगवेगळ्या ओळींत मांडतो. एक ‘डेफिनेटली लॉस्ट’, नक्की हरवलेली. दुसरी ‘इनडायरेक्टली लॉस्ट’, म्हणजे खोलीची चावी हरवली म्हणून आतल्या कपाटालाही मुकलो. तिसरी ‘पॉसिबली लॉस्ट’, चावी आहे पण ती याच दाराची का ते कळत नाही. चौथी ‘स्टिल रीचेबल’, चावी खुंटीवर आहे, खोलीत मात्र कुणी जात नाही. या चौथीबद्दल पुढं बोलायचंय.

आमच्या अहवालात नक्की हरवलेले ब्लॉक, म्हणजे मेमरीचे तुकडे, होते २९७. अप्रत्यक्ष हरवलेले ब्लॉकही २९७, आणि त्यांचे बाइट ६,०८,२५६. मी कॅल्क्युलेटर घेतला. भागिले २९७. बरोब्बर २,०४८. एकही बाइट इकडंतिकडं नाही. आणि पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. सुरू व्हायला लागलेले दोन-तीन सेकंद सोडले तर सेकंदाला एक.

सेकंदाला एक गोष्ट आमच्या सर्व्हरमध्ये एकच होते. प्रत्येक काट्यासाठी दर सेकंदाला डेटाबेसला विचारायचं, या काट्यावर चालू टोकन आहे का? खाली फंक्शनांची उतरंड छापली होती. वर मॅलॉक, त्याखाली पोस्टग्रेसच्या लायब्ररीतली ‘मेक एम्प्टी पीजीरिझल्ट’ वगैरे मंडळी, मग ‘पीक्यूएक्झेक’, आणि तळाला आमचं ‘टोकन_शोधा’, ओळ २१४. ओळ उघडली. प्रश्न विचारला, उत्तर आलं, उत्तरात शून्य ओळी असतील तर तिथूनच परत फिरा. टोकन सापडलं तर पुढं सगळी कामं करून शेवटी ‘पीक्यूक्लिअर’, म्हणजे आलेलं उत्तर मोकळं करणं. टोकन नसेल तर? परत फिरा. क्लिअर नाही.

पोस्टग्रेसच्या लायब्ररीत उत्तर रिकामं आलं तरी त्याचं भांडं येतंच. एक छोटा ढाचा आणि रकान्यांची नावं ठेवायला २,०४८ बाइटचा तुकडा. भांडं रिकामं म्हणून ते परत द्यायचं नाही असं कुठंय? शेजारणीकडून वाटीभर साखर मागितली, तिनं संपलीय म्हणून रिकामी वाटीच हातात दिली, आणि आम्ही सेकंदाला एक अशा वाट्या घरात रचत बसलो.

आणि आलेखाचं कोडं तिथंच सुटलं. काट्यावर गाडी असली की टोकन सापडतं, मेमरी परत जाते. काटा रिकामा असला की गळतं. संक्रांतीला चारही काटे दिवसभर रिकामे, म्हणून सगळ्यात जास्त. हिशेब करून बघितला. एका भांड्याचे सव्वादोन-अडीच केबी, चार काटे, सेकंदाला एक, म्हणजे सगळे रिकामे असताना तासाला तीस-पस्तीस एमबी. निम्मा वेळ काटे मोकळे धरले तर दिवसाला चारशेच्या आसपास. पोस्टग्रेस आणि बाकीच्यांचं सोडून उरलेली रॅम चार-पाच दिवसांत खलास. दोन महिन्यांचे मामांचे फोन त्या वजाबाकीत तंतोतंत बसले.

दुरुस्ती एका ओळीची. लिहायला पाच सेकंद. त्या दिवशी आम्ही दोघं चहाला न जाता थेट मिसळ खायला गेलो.

इथपर्यंत वाचून वाटेल की पाचपैकी पाच तारे देऊन टाकावेत. थांबा.

दुरुस्त सर्व्हर कारखान्यावर चढवला, क्रॉनची ओळ काढली, आठवडाभर बघितलं. फुगणं बंद झालं नव्हतं, हळू झालं होतं. दिवसाला तीसेक एमबी. ऑफिसात परत व्हॅलग्रिन्ड लावलं, तर ते म्हणालं, गळती शून्य. सगळं मॅलॉक केलेलं फ्री झालंय, शाब्बास. हा त्याचा आंधळा कोपरा. ते हिशेब करतं शेवटी, प्रोग्राम बंद होताना. आणि आमचा सर्व्हर बंद होताना अगदी शहाण्यासारखा आपली सगळी यादी मोकळी करून जात होता. चालू असताना मात्र ती यादी वाढतच होती. चावी खुंटीवर असलेली ती चौथी जात, वर जाताना आवरून जाणारी.

हे सापडवायला दुसरी अवजारं लागतात. व्हॅलग्रिन्डच्याच पेटीत ‘मॅसिफ’ आहे, ते अधूनमधून मेमरीचा फोटो काढतं आणि अक्षरांनीच एक आलेख काढून देतं, पूर्वीच्या डॉट मॅट्रिक्सवर यायचा तसला. चालतं, पण संथ, आणि वाचायला किचकट. मी वापरलं ते ‘हीपट्रॅक’. केडीई या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या मंडळींतला मिलियन वोल्फ याचं. प्रोग्रामचं भाषांतर वगैरे न करता नुसतं मॅलॉक आणि फ्रीच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतं, त्यामुळं व्हॅलग्रिन्डपेक्षा कितीतरी चपळ. शिवाय दाखवायला खिडकी आहे, रंगीत पट्टे आहेत, ज्या फंक्शननं जास्त घेतलं त्याचा पट्टा रुंद. पोरग्यानं शे-दोनशे खोट्या गाड्या काट्यावरून पळवल्या आणि पट्टा दिसला. ‘स्लिप_चित्र’.

मामांनीच दिवाळीच्या सुमारास सांगितलं होतं, “ताई, प्रिंटरात कागद अडकला की स्लिप परत काढायला यायला पायजे.” म्हणून छापलेल्या प्रत्येक स्लिपचं चित्र आम्ही मेमरीत ठेवत होतो. चाळीसेक केबीचं एक. दिवसाला आठशे स्लिपा. आणि ती काढून कधी टाकायची, हे ना मामांनी सांगितलं ना मी विचारलं. आता शेवटच्या पन्नास ठेवतो.

याला गळती म्हणायचं का? व्हॅलग्रिन्डच्या व्याख्येत नाही. मशीनच्या दृष्टीनं रॅम गेली ती गेलीच. मोठ्या सर्व्हरांत तर बहुतेक मेमरी अशीच असते. अपाची मेमरी पूल ठेवतं, विनंती संपली की अख्खा पूल मोकळा. लिनक्सवरच्या फायली विंडोजवाल्यांना वाटून देणारं सांबा ‘टॅलॉक’ वापरतं, बापाला सोडलं की पोरं सुटतात. पोस्टग्रेसचे मेमरी कॉन्टेक्स्ट त्याच घराण्यातले. या पद्धतीनं हरवलेल्या चाव्या कमी होतात, पण चुकीच्या पूलमध्ये टाकलेली वस्तू तो पूल मरेपर्यंत तिथंच राहते, आणि व्हॅलग्रिन्डला त्यात काही वावगं दिसत नाही. म्हणून अशांना आतूनच विचारावं लागतं. पोस्टग्रेसच्या १४ व्या आवृत्तीपासून एखाद्या चालू प्रोसेसला तिच्या मेमरी कॉन्टेक्स्टचा हिशेब लॉगमध्ये लिहायला सांगता येतं. सांबाच्या प्रोसेसला ‘एसएमबीकंट्रोल’मधून ‘पूल-युसेज’ असं विचारलं की ती आपली अख्खी वंशावळ ओकते. गळती दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये असेल तर आधी त्याची ही आतली वही बघा, मग व्हॅलग्रिन्डकडं या.

एक न्याय मात्र करायला हवा. व्हॅलग्रिन्डला चालू असतानाही प्रश्न विचारता येतो, हे मला उशिरा कळलं. ‘व्हीजीडीबी’ नावाचा एक सोबती येतो, दुसऱ्या खिडकीतून त्याला ‘लीक_चेक’ म्हटलं की तिथल्या तिथं तपासणी होते, आणि मागच्या वेळेपेक्षा काय वाढलं तेवढंच दाखवायचीही सोय आहे. खुंटीवरच्या चाव्याही त्यात मोजायला सांगता येतात. हे आधी माहीत असतं तर स्लिपांचं प्रकरणही त्यातच सापडलं असतं. माहितीपत्रात आहे, पण ते माहितीपत्र म्हणजे गॅझेटियर आहे, सगळं आहे आणि काही सापडत नाही. अर्धा तारा मी याचाच कापणार आहे.

तिसरा किस्सा थोडक्यात, कारण त्यात गळती नव्हतीच. पोरगा एक दिवस घाबरून आला, “मॅडम, व्हर्च्युअल मेमरी एक जीबीच्या वर गेलीया!” मी त्याला एसटीचं उदाहरण दिलं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली म्हणजे माणूस बसला का? चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या ‘टॉप’मधला ‘व्हर्ट’ म्हणजे रुमाल, ‘रेस’ म्हणजे बसलेली माणसं. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा मॅलॉक थ्रेडांची (एकाच प्रोग्राममध्ये शेजारी-शेजारी चालणाऱ्या कामांची) एकमेकांत धक्काबुक्की नको म्हणून वेगवेगळे आखाडे करतो, ६४ बिटच्या मशीनवर दर कोअरमागं आठपर्यंत, आणि प्रत्येकासाठी ६४ एमबीचा पत्ता राखून ठेवतो. आमचे दहाएक थ्रेड, म्हणजे सहा-साडेसहाशे एमबीचे नुसते रुमाल. ‘मॅलॉक_अरीना_मॅक्स’ दोनवर आणलं आणि रुमाल गोळा झाले. फ्री केलेली जागाही हा मॅलॉक लगेच कर्नलला परत देईलच असं नाही, पुढं लागेल म्हणून जवळ ठेवतो. त्यामुळं सर्व्हर चालू केल्यावर पहिले एक-दोन दिवस रेस चढून मग सपाट झाली, तर ती गळती समजू नका. गळती सपाट होत नाही. हा फरक ना व्हॅलग्रिन्ड सांगतं ना हीपट्रॅक, तो आलेख बघूनच कळतो, आणि आलेखावर विश्वास ठेवायला आम्ही एकदा अर्धा दिवस घालवून शिकलेलो आहोत.

आणखी तक्रारी. व्हॅलग्रिन्ड एका वेळी एकच थ्रेड चालवतं, तुमच्या मशीनला कोअर कितीही असोत, त्यामुळं दोन थ्रेडांच्या भांडणातून होणाऱ्या काही गोष्टी त्याखाली दिसायच्या बंद होतात. दुसऱ्यांच्या लायब्ररींचा गोंगाट येतो, तो गप्प करायला सप्रेशनची फाइल लिहावी लागते, ती लिहायचं काम कंटाळवाणं आहे, जरी तिचा मसुदा ते स्वतःच छापून देत असलं तरी. आणि विंडोजवर चालत नाही. आमच्या एका फौंड्रीवाल्या गिऱ्हाईकानं शिरोलीहून फोन करून विचारलं होतं, त्यांना हेच सांगितलं.

‘अॅड्रेस सॅनिटायझर’चं काय, असं जाणकार विचारतीलच. तेही मी वापरते. गूगलमध्ये तयार झालेलं, कंपाइल करतानाच एक पर्याय द्यायचा, वेग साधारण निम्मा होतो, म्हणजे व्हॅलग्रिन्डच्या मानानं विमानच, आणि त्याच्यासोबतचा ‘लीक सॅनिटायझर’ शेवटी गळतीची यादी देतो. नवं काम सुरू करताय तर पहिल्या दिवसापासून तेच लावा. पण त्याला कोड हातात लागतो, पुन्हा कंपाइल करावं लागतं, डीबगरखाली (प्रोग्राम थांबवत थांबवत तपासायच्या अवजाराखाली) लीक सॅनिटायझर चालत नाही, आणि व्हॅलग्रिन्ड आणि तो एकत्र नांदत नाहीत. जुना, कुणीतरी बांधून दिलेला सर्व्हर समोर आहे, कोडचा पत्ता नाही, उद्या सकाळी उत्तर पाहिजे, अशा वेळी म्हातारं व्हॅलग्रिन्डच कामाला येतं.

तर माझ्याकडून चार. अर्धा माहितीपत्राचा कापला, अर्धा त्या ‘गळती शून्य, शाब्बास’चा. हीपट्रॅकलाही चारच, त्याला आपल्या चुका सांगता येत नाहीत, फक्त मोठे पट्टे दाखवता येतात. सोकॅटला पाच, त्याच्याकडून कुणी काही अपेक्षाच केली नव्हती.

क्रॉनची ती तीन वाजताची ओळ आता गेली. सर्व्हर हंगामाचे उरलेले सगळे दिवस एकदाही न मरता चालला. फेब्रुवारीत एकदा रात्री लॉग चाळत बसले होते, तर दिसलं की रोज तीन वाजता चार-पाच मिनिटं एकही वजन नाही. परत पोटात गोळा. मामांना फोन लावला.

“काय न्हाय ओ ताई,” ते म्हणाले, “च्या प्यायला गेलतो. तीन वाजलं न्हवं का.”